भरीत पार्टीला सगळे येणार का?

चंपाषष्ठी उलटली की खान्देशात वांग्याचे दिवस सुरू होतात. चातुर्मासापासून वांगं वर्ज्य केलेली घरं त्या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवतात आणि तिथून थंडी ओसरेपर्यंत मळ्यामळ्यातून धूर निघत राहतो. बामणोद आणि आसोद्याकडची हिरवी, पांढुरक्या छटेची, एका हातात न मावणारी वांगी बाजारात ढिगाने दिसू लागतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. डिसेंबर 2018 मध्ये शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात सुमारे अडीच हजार किलो भरीत एकाच वेळी शिजवलं. पण भरताची खरी मजा तीस-चाळीस माणसांच्या घोळक्यात, शेताच्या बांधावर.

यातल्या कितीतरी पार्ट्या कचेऱ्यांच्या असतात. शाळा, बँका, पतसंस्था, दवाखाने, पंचायत समिती, सगळीकडे डिसेंबर लागला की ‘यंदा कधी?’ सुरू होतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्या वर्षअखेरीला हॉटेलचा हॉल धरतात. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरात मळा लागतो, तुरकाट्यांचा भारा लागतो, भरीत ठेचायला लाकडी बडगी लागते आणि वाढायला केळीची पानं. यातलं काहीच विकत घ्यायला लांब जावं लागत नाही. अवघड भाग वेगळाच आहे. एकाच छताखाली काम करणाऱ्या, पण पगार, वय, जात, घरची परिस्थिती आणि साहेबांशी असलेलं अंतर वेगवेगळं असणाऱ्या माणसांना एक दिवस मनापासून मजा यावी, हे कसं साधायचं?

त्यावर दोन मतं आहेत, आणि त्या मतांचे हे दोन चेहरे. समजा, मुक्ताईनगरातल्या एखाद्या पतसंस्थेची शाखा आहे. तिथले रोखपाल नाना निवृत्तीला टेकलेले. इतकी वर्षं पार्टी त्यांच्याच जिवावर झालेली. यंदा व्यवस्था पाहायची जबाबदारी कर्ज विभागातल्या ताईंकडे आली. नाना आणि ताई कुणी ठरावीक व्यक्ती नव्हेत. तालुक्यातल्या कुठल्याही कचेरीत दर डिसेंबरला त्यांची गाठ पडते. दुपारी काउंटर बंद झाल्यावर दोघं टेबलाशी बसले. ताईंनी कोरा कागद पुढे ओढला, आणि वाद तिथेच सुरू झाला.

“कागद कशाला हो ताई?” नाना म्हणाले. “दोन फोन केले की झालं. वांगे मी आणतो, मळा आपल्याच माणसाचा. भरीत पार्टीले कोण कागद करते बा?”

“म्हणूनच गेल्या वर्षी आपल्या पिग्मी एजंटांपैकी निम्मे आले नाहीत,” ताई म्हणाल्या. “त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तुम्हाला वाटलं त्यांना कळलं असेल, त्यांना वाटलं आपण कर्मचाऱ्यांत धरलेच जात नाही.”

पिग्मी एजंट हा पतसंस्थेचा चालता-फिरता हात. दुकानादुकानांतून, टपऱ्यांवरून रोजची छोटी ठेव गोळा करायची, संध्याकाळी भरणा करायचा आणि जमलेल्या रकमेवर कमिशन घ्यायचं. पगारपत्रकात नाव नाही, पण गावात संस्थेचा चेहरा तोच. रात्रपाळीचा राखणदार, झाडलोट करणाऱ्या मावशी, कंत्राटावरचा संगणकवाला यांचंही तसंच. पार्टी ‘स्टाफची’ म्हटली की ही माणसं दारात घुटमळतात. आपल्याला धरलं आहे की नाही, हे विचारायचं धाडस त्यांनी करावं अशी अपेक्षा ठेवणंच चुकीचं आहे. यादीचा पहिला उपयोग हाच असतो: कोण सुटलं ते डोळ्यांपुढे येतं.

नानांना यादी पटली, पण त्यांच्या मनात दुसरी भीती होती. सगळं ठरवून, मिनिटामिनिटाला आखून केलं तर मजा उरेल का? त्यांच्या आठवणीतल्या चांगल्या पार्ट्या न ठरवता झालेल्या होत्या. कुणीतरी ढोलकी काढली, कुणी भारूड म्हटलं, दुपार कधी सरली कळलं नाही.

ताईंचं उत्तर मुक्ताईनगरचंच होतं. “नाना, तुम्ही मुक्ताईच्या पालखीबरोबर चालला आहात ना? तिथे आनंदाला काही कमी असते का? आणि तिथे काय ठरलेलं नसतं?”

हा दाखला जागेवर बसणारा होता. पूर्वीचं एदलाबाद हे गाव आज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या संत मुक्ताबाईंची पालखी कोथळीच्या जुन्या मंदिरातून पंढरपूरला निघते. खान्देशातून मराठवाडा ओलांडत महिनाभराहून अधिक चालणारी ही वाट. दिंड्यांचा क्रम, मुक्कामाचं गाव, कुणाकडे दुपारचं जेवण, कुणाकडे चहा, कीर्तन किती वाजता, हरिपाठ किती वाजता, सगळं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं. वारकऱ्याला उद्या कुठे जेवायचं याची काळजी नसते, म्हणून तो आज मोकळ्या गळ्याने गाऊ शकतो. ताईंना पार्टीत तेवढीच मोकळीक हवी होती. पाणी आहे का, परत कसं जायचं, पैसे किती पडणार, हे प्रश्न आधी मिटवले की ढोलकी आपोआप निघते.

“पटलं,” नाना म्हणाले. “पण मग सगळ्यांनी आलंच पाहिजे. वारीत कुणी मागे राहतं का?”

इथे दोघांचं खरं बिनसलं.

नानांच्या मते न येणारा माणूस म्हणजे पार्टीला लागलेला डाग. शाखेत वीस-पंचवीस माणसं, त्यातले चार गैरहजर राहिले तर दुसऱ्या दिवशी त्यांना काउंटरवर तोंड कसं दाखवायचं? वर्षभर कामावरून कुरबुरी होतात, एक दिवस मांडीला मांडी लावून जेवलं की त्या विरतात. न येणारा ती कुरबुर जपून ठेवतो.

ताईंना हे मान्य नव्हतं. सुट्टीचा दिवस हा माणसाचा स्वतःचा. कुणाच्या घरी आजारी सासू असते, कुणाला त्या दिवशी कापूस वेचायला मजूर मिळालेले असतात, कुणाला माणसांच्या गर्दीचा नुसता शीण येतो. त्यांनी फ्रान्समधला एक खटला सांगितला. पॅरिसच्या एका सल्लागार कंपनीने एका कर्मचाऱ्याला काढलं, त्यामागे तो कंपनीच्या मौजमजेत मिसळत नाही हेही कारण होतं. त्या मौजमजेत बेसुमार दारूच्या पार्ट्याही येत होत्या. नोव्हेंबर 2022 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या माणसाच्या बाजूने कौल दिला: असल्या मौजेत सामील न होणं हा त्याचा हक्क आहे. “आपण कुणाला काढणार नाही, हे मला माहीत आहे,” ताई म्हणाल्या. “पण ‘काल का नाही आलात?’ असं चारचौघांत विचारणं हीसुद्धा शिक्षाच असते, नाना.”

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते ताईंच्या कागदावर नव्हतं. “न येणाऱ्याला विचारू नका, ठीक. पण तो का येत नाही ते आपल्याला ठाऊक पाहिजे. अर्धे जण पैशापायी येत नाहीत, आणि ते कधी सांगत नाहीत.”

वर्गणीचा प्रश्न असा पुढे आला. कचेरीतल्या बहुतेक पार्ट्या इथेच अडखळतात, म्हणून तो नीट पाहायला हवा. नानांची रीत सरळ होती: साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांची वर्गणी सारखी. सारखे पैसे दिले की सारख्या हक्काने पानावर बसता येतं, कुणी कुणाचा मिंधा नाही. ताईंचा हिशेब वेगळा: साहेबांना जी रक्कम चहापाण्याइतकी, ती मावशींच्या घरात आठवड्याचा किराणा. दोघंही खरं बोलत होते. पगाराप्रमाणे वर्गणी घेतली आणि यादी भिंतीवर लावली, तर कमी देणाऱ्याचं नाव कायम शेवटी राहणार. सारखी घेतली, तर ज्याला झेपत नाही तो ‘गावी जायचं आहे’ म्हणणार. संस्थेच्या पैशातून करावं म्हटलं तर तो पैसा सभासदांचा. संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय त्याला हात लावता येत नाही.

शेवटी दोघांनी मधली वाट काढली. खर्चाचा अंदाज सगळ्यांना सांगायचा. पाकीट एका माणसाकडे बंद द्यायचं, त्यावर नाव नाही. कंत्राटी माणसं आणि एजंट यांना पाकीटच द्यायचं नाही. त्यांना निमंत्रण असतं, मागणी नसते. कमी पडेल ते अधिकाऱ्यांनी आपसांत भरायचं आणि त्याची वाच्यता करायची नाही. उरलेच पैसे तर हिशेबासह पुढच्या वर्षाकडे. नाना रोखपाल असल्यामुळे या शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी दोनदा खूण केली.

मग दिवस. दिवस ठरवणं सोपं वाटतं, पण ताईंनी कालनिर्णय उघडलं आणि एकेक चौकोन बाद होत गेला. मार्गशीर्षातले गुरुवार गेले, कारण निम्म्या बायकांचं महालक्ष्मीचं व्रत. एकादशी गेली; तालुक्यात माळकरी घरोघरी आहेत. 31 डिसेंबर तर पतसंस्थेत तिमाहीअखेर, त्या रात्री व्याजाच्या नोंदींतून मान वर निघत नाही. राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, बँका सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. पण पिग्मी एजंटाचा शनिवार बंद नसतो. त्याची वसुली संध्याकाळची. पार्टी संध्याकाळी ठेवली की त्याने कमिशन सोडायचं किंवा जेवण सोडायचं.

“म्हणजे रविवार सकाळ,” ताई म्हणाल्या. “दहाला सुरू, तीनला संपलं.”

“भरीत रात्रीचंच खरं. शेकोटी, गारवा...” नाना हळहळले.

रात्रीची मौज नानांनी सांगितली ती खोटी नाही. थंडीत जाळाभोवती बसून गरम भरीत खाण्याला तोड नाही. पण मुक्ताईनगर तालुक्यात रात्रीच्या मळ्याला आणखी एक बाजू आहे. डोलारखेडा-वढोदा भागात वाघांचा वावर आहे, तिथला जंगलपट्टा मुक्ताई-भवानी या नावाने संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे, आणि तिथला वाघ केळीच्या बागांतून फिरतो हे शेतकऱ्यांना नवं नाही. शिवाय अंधार पडल्यावर बायकांना घरी पोचायची घाई सुटते, आणि मग सात वाजल्यापासून पार्टी आपोआप पुरुषांची होते. नानांनी रात्र सोडली. ती सोडताना त्यांनी एक अट घातली: सकाळी आठलाच जाळ पेटला पाहिजे, कारण घाईचं भरीत चांगलं होत नाही.

जागेवर मात्र ताई हटून बसल्या. नानांच्या मनात चांगदेवकडचा एक मळा होता. तापी आणि पूर्णेचा संगम, जवळच चांगदेवाचं दगडी मंदिर, हतनूर धरणाचं फुगलेलं पाणी आणि हिवाळ्यात त्या पाण्यावर उतरणारे परदेशी पक्षी. तालुक्यात याहून देखणी जागा मिळायची नाही. ताईंनी एकच विचारलं: “तिथे संडास आहे का?”

नव्हता.

“मग आम्ही बायका सकाळपासून पाणी पिणार नाही. दिवसभर उन्हात, तिखट भरीत, आणि पाणी नाही. तुम्ही म्हणाल ताई किती कंटाळवाण्या बसल्या होत्या.”

हा मुद्दा कुठल्याही नियोजनाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असायला हवा आणि बहुधा शेवटीही नसतो. संगमाचं दर्शन जाताना घेता येईल, जेवणाची जागा मात्र ज्या मळ्यात पक्कं घर, नळ आणि स्वच्छतागृह आहे तीच, असं ठरलं. त्याच्या जोडीने ताईंनी गाडीचाही विषय काढला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला आळा घालणारा कायदा 2013 साली आला. त्यात कामाच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहनही ‘कामाचं ठिकाण’ मानलं आहे. पार्टीत कुणी हद्द ओलांडली तर ‘ते ऑफिसबाहेर झालं’ ही सबब चालत नाही. म्हणून येण्या-जाण्याची गाडी ठरलेली हवी, त्यात कोण कुणाबरोबर बसणार हे आधी ठाऊक हवं आणि दारू नको. दारूवर नानांनी वाद घातला नाही. मुक्ताईच्या गावात, माळकऱ्यांच्या पंगतीत तो प्रश्नच त्यांना पडला नव्हता.

आता स्वयंपाक. इथे नाना खुलले, आणि खुलायला त्यांना कारण होतं, कारण भरीत पार्टी हा पुरुषांनी रांधायचा सण आहे. तुरकाट्या किंवा कपाशीच्या काड्या गेल्या वर्षीच्या हव्यात. यंदाची तूर डिसेंबरात अजून शेतात उभी असते आणि ओली काडी नुसता धूर करते. वाऱ्याची दिशा पाहून, उभ्या पिकापासून आणि वाळल्या केळीच्या पाल्यापासून लांब जाळ करायचा, शेजारी पाण्याची टाकी. वांग्याला टोचे मारायचे, नाहीतर ते जाळात फुटतं. साल काळी पडून सुटू लागली, देठाजवळचा भागही बोटाला मऊ लागला की काढायचं. मग सगळे गोल बसून साली सोलतात, बोटं पोळतात, फुंकर मारत पुन्हा सोलतात. गर बडगीत जातो, वरून भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण, आणि लाकडी मुसळीने ठेचणं सुरू होतं. एकाचा हात भरून आला की दुसरा मुसळी घेतो. मोठ्या पातेल्यात तेल तापतं, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. भरीत त्यात पडलं की जो वास सुटतो त्याने बांधापलीकडचा माणूसही थांबतो. किलोभर वांग्यांत चार पानं, हे नानांचं माप.

“बरं, पुऱ्या कोण लाटतं?” ताईंनी विचारलं.

कळण्याच्या पुऱ्या, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भरताची जोडी त्यांच्याशीच जमते. दर वर्षी त्या शाखेतल्या बायका लाटत आल्या होत्या. भांडी मावशी घासत. जाळाभोवतीच्या पुरुषांचे फोटो ग्रुपवर पडत, चुलीपुढच्या बायका फोटोत नसत. ताई हे तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत, पण नानांनी मान खाली घातली.

त्यांनी ठरवलं ते असं. पुऱ्यांचं काम गावातल्या महिला बचत गटाला पैसे देऊन द्यायचं. केळीच्या पानांमुळे ताटं घासायची नाहीत; उरलेली मोठी भांडी घासायला पाळी लावायची, आणि पाळीत साहेबांचंही नाव. मावशी त्या दिवशी पाहुण्या. झाडू त्यांच्या हातात जायचा नाही.

पानात काय असावं यावरही थोडा खल झाला. भरीत पार्टीत भरीत न खाणारा माणूस असू शकतो हे नानांना सुरुवातीला चमत्कारिक वाटलं. पण शाखेत कांदा-लसूण न खाणारे माळकरी होते, वांगंच न खाणारे जैन होते, तिखट सोडलेला एक पित्ताचा रोगी होता. त्यांच्यासाठी शेवटी ‘काहीतरी’ करणं म्हणजे त्यांना पार्टीच्या कडेला बसवणं. म्हणून लसूण पडण्याआधी भरताचा पहिला हप्ता वेगळ्या भांड्यात काढायचा, आणि वांगं न खाणाऱ्यांना खान्देशातली तितकीच आवडती वरण-बट्टी. ती बाकीच्यांनाही मिळायची, म्हणजे कुणाचं पान वेगळं दिसणार नाही.

नियोजनाच्या या साऱ्या भागात ताईंची बाजू वरचढ ठरली. पण एका गोष्टीत नाना बरोबर होते, आणि त्याला थोडाफार आधारही आहे. ताईंचा पहिला विचार केटरर बोलावण्याचा होता: कुणावरच भार नको. नाना म्हणाले, “मग आपण हॉटेलातच का जात नाही? भरीत पार्टीत भरीत कमी महत्त्वाचं, ठेचणं जास्त महत्त्वाचं.”

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या केव्हिन निफिन आणि सहकाऱ्यांनी अग्निशमन दलाच्या ठाण्यांचा अभ्यास करून 2015 साली तो प्रसिद्ध केला. जवान जिथे मिळून रांधतात आणि मिळून जेवतात, तिथल्या तुकड्यांचं काम त्यांच्या अधिकाऱ्यांना अधिक चांगलं वाटतं, असं त्यात दिसलं. एकत्र जेवणामुळेच काम सुधारतं असा पुरावा हा नव्हे. चांगल्या तुकड्याच एकत्र जेवत असतील असंही म्हणता येईल. पण स्वयंपाक हे तिथे नुसतं जेवणाआधीचं काम नसतं, हे उघड आहे.

दुसरं संशोधन ताईंना अस्वस्थ करणारं आहे. ट्रेसी ड्यूमास, कॅथरीन फिलिप्स आणि नॅन्सी रॉथबार्ड यांनी 2013 साली कंपनीच्या पार्ट्यांवर लिहिलं. पार्टीला गेल्याने सहकारी जवळ येतात का? भोवतीच्या लोकांशी वंशाने साम्य असलेल्यांना जवळीक वाढल्यासारखी वाटली; वेगळ्या असणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. आपल्याकडच्या पार्टीतही हे डोळ्यांनी दिसतं. अधिकारी खुर्च्यांवर, बायका सावलीत एकीकडे, एजंट आपल्या मोटारसायकलींपाशी. पाच तास एका मळ्यात काढूनही ही बेटं जशीच्या तशी घरी जातात.

बडगी ही बेटं मोडते. मुसळी हातात घेतलेल्या माणसाला खुर्ची नसते. रोखपालाने ठेचायचं, राखणदाराने मिरची टाकायची, शाखाधिकाऱ्याने साली सोलायच्या, आणि बोट पोळलं की सगळ्यांनी हसायचं. ताईंनी केटरर खोडला, पण आपली शिस्त सोडली नाही: गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, ‘जो तो आपल्या ओळखीच्यात’ असं नाही. भाजणारे, सोलणारे, ठेचणारे, वाढणारे. वाढणाऱ्यांत अधिकारी पहिले. नानांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी स्वतःची चिठ्ठी सगळ्यात आधी टाकायची तयारी दाखवली, जाळाची जागा हातची जाईल हे ठाऊक असूनही.

चार्ल्स डिकन्स यांच्या 1843 सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये फेझिविग नावाचा एक मालक आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो दुकानाचं काम बंद करतो, सामान बाजूला सारतो आणि आपल्या उमेदवारांपासून मोलकरीण, स्वयंपाकीण, त्यांच्या ओळखीचे पाववाला आणि दूधवाला अशा सगळ्यांना नाचायला बोलावतो. कथेतला कंजूष स्क्रूज ती संध्याकाळ आठवतो तेव्हा त्याला उमगतं की खर्च थोडाच होता, पण नोकराचे दिवस हलके किंवा जड करणं मालकाच्या हातात असतं. तिथे मालक स्वतःही सगळ्यांबरोबर नाचतो. जपानमध्ये वर्षअखेरीला ‘बोनेनकाई’ म्हणजे सरलेलं वर्ष विसरण्याची मेजवानी असते. त्या वेळी हुद्द्याची बंधनं सैल करण्याची रीत आहे. जगभर या पार्ट्यांचा जीव एकाच ठिकाणी अडकलेला दिसतो: वरचा माणूस खाली उतरतो की नाही.

यावरून भाषणांचा विषय निघाला. नानांना साहेबांचे दोन शब्द हवे होते. मान राखला पाहिजे. ताईंना एकही भाषण नको होतं, कारण दोन शब्दांची वीस मिनिटं होतात, मग वसुलीचे आकडे येतात, आणि थकबाकीचा विषय निघाला की भरीत गार होतं. शेवटी भाषणाऐवजी वर्षभरात कुणी कुणाला मदत केली ते सांगायचं, ज्याला सांगावंसं वाटेल त्याने, जागेवरून, बसल्या बसल्या. साहेबांनीही तिथेच. माइक नाही. मोठा स्पीकर नाही, कारण पाण्यावरचे पक्षी आणि शेजारच्या शेतातले लोक दोघांनाही आपली दुपार आहे. गाणी हवी असतील तर ज्याच्या गळ्यात आहेत त्याने म्हणावीत. फोटो काढायचे तर चालतील, ज्याला नको असेल त्याने सांगावं, आणि ग्रुपवर टाकण्याआधी विचारावं.

एवढं सगळं जमल्यावरही एक मुद्दा सुटला नाही. घरच्यांना बोलवायचं का?

नानांचं मत ठाम होतं. बायको-मुलं नसतील तर ती पार्टी कसली? इतकी वर्षं एका शाखेत काढून एकमेकांची पोरं कुणाला ओळखता येत नाहीत. त्यांच्या पिढीत कचेरीचा माणूस घरचाच होता. लग्नात पंगत वाढायला आणि मौतीला खांदा द्यायला तोच येई. ते नातं आता काउंटरच्या अलीकडेच थांबलं आहे, आणि मळ्यातला एक दिवस ते पुन्हा घरापर्यंत नेऊ शकतो.

ताईंनी हे मनापासून ऐकलं. मग त्या म्हणाल्या, “नाना, तुमची मुलं आली की तुम्ही भरीत ठेचाल. माझी आली की मी त्यांच्यामागे विहिरीच्या काठाने धावेन. वर्षातला एक दिवस मला आई नको, सून नको, नुसती कर्ज विभागाची ताई म्हणून चार माणसांत बसायचं आहे.” शाखेतल्या एका अविवाहित मुलाचा आणि नवरा वारलेल्या एका बाईचाही त्यांनी उल्लेख केला. जोडीने आलेल्यांच्या गर्दीत त्यांना काय वाटेल?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि दोन्हींची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. घरचे आले की ओळख वाढते. पण घर ज्यांच्या खांद्यावर असतं त्यांची सुट्टी जाते. घरचे नसले की कर्मचारी मोकळे होतात. पण रविवारी बायकोला एकटं टाकून मळ्यात जाणाऱ्या नवऱ्याला घरी काय ऐकावं लागतं हे नानांना अनुभवाने ठाऊक होतं. ताईंनी मुलांसाठी वेगळा खेळ आणि त्यांना सांभाळायला आळीपाळीने पुरुष, असा पर्याय मांडून पाहिला. नानांनी तो उचलून धरला. ताईंना तो नानांइतका खात्रीचा वाटला नाही. पाळी लावलेला माणूस जाळाकडे सरकतो, मूल आईकडे येतं.

तेव्हा निर्णय दोघांनी आपल्याकडे ठेवला नाही. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यायची: घरचे हवेत की नकोत, एवढंच लिहायचं, नाव नाही. एजंट, मावशी, राखणदार, सगळ्यांना एक-एक. अटीतटीचा निकाल लागला तर यंदा फक्त कर्मचारी आणि संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी घरच्यांसह बट्टीचा बेत. चिठ्ठ्या सोमवारी दुपारी काउंटर बंद झाल्यावर उघडायच्या ठरल्या. वांग्यांची मागणी बुधवारपर्यंत मळेवाल्याला सांगावी लागते, म्हणजे पार्टीच्या आदल्या दिवशी तो एकसारखी, डाग नसलेली वांगी तोडून ठेवतो. किती किलो सांगायची, हे चिठ्ठ्या उघडल्यावरच कळणार होतं.